सई, चार वर्षांचं गणित आत्ताच मांडूया

काल फोनवर काकू शेजारीच बसली होती म्हणून मी मोघम बोलले. आज सविस्तर लिहिते. तू विचारलंस, "ताई, तुझं कॉलेजचं कर्ज खरंच माफ झालं होतं? मग मलाही तसं मिळेल का?" माझं झालं, ते खरं आहे. तुला मिळणार नाही, कारण ती योजना केव्हाच बंद झाली. पण तिच्या निमित्ताने मला जे कळलं ते तुझ्या फार कामाचं आहे, आणि तुझं पहिलं सेमिस्टर सुरू व्हायच्या आत ते मला तुझ्या कानावर घालायचंय. आधी तू एकटी वाच. मग काकांना दाखव, यातला थोडा भाग त्यांच्यासाठी आहे.

योजनेचं नाव होतं टेक्सास बी-ऑन-टाइम. २००३ मध्ये इथल्या विधिमंडळाने सरकारी विद्यापीठांना फी ठरवायची मोकळीक दिली. फी चढणार हे उघडच होतं, म्हणून वाढीव फीतला ठरावीक हिस्सा विद्यार्थ्यांच्या मदतीसाठी बाजूला काढायचं बंधनही घातलं, आणि त्यातल्याच एका वाट्यातून हे कर्ज उभं राहिलं. कर्ज बिनव्याजी. मुलगी किंवा मुलगा टेक्सासचा रहिवासी हवा, पूर्णवेळ शिकणारा हवा, हायस्कूलचा अभ्यासक्रम नेमून दिलेल्या दर्जाचा हवा. चार वर्षांत पदवी घेतली आणि जीपीए ३.० किंवा त्याच्या वर राहिला, की सगळं कर्ज माफ. इंजिनिअरिंग, आर्किटेक्चरसारख्या शाखांना पाच वर्षं. मुदत हुकली तरी एक वाट उरायची: पदवीला लागतात त्यापेक्षा सहाहून जास्त क्रेडिट्स झालेली नसली, आणि जीपीए ३.० असला, तरी माफी मिळायची. यातलं काहीच जमलं नाही तर पैसे फेडायचे, पण व्याज तेव्हाही शून्यच.

मी २००९ च्या फॉलमध्ये शिरले, २०१३ च्या मे महिन्यात अकाउंटिंगची पदवी घेऊन बाहेर पडले, आणि माझ्या नावावरचं ते कर्ज पुसलं गेलं. पहिल्या नोकरीचा पहिला पगार पूर्ण माझा होता. तेवीस-चोविशीत त्याने काय फरक पडतो ते तुला आत्ता सांगून कळायचं नाही. मी ऑस्टिनमध्ये एकटीने घर घेऊ शकले, आईबाबांना न विचारता नोकरी बदलू शकले, ते त्यामुळेच.

आता माझ्या रूममेटची गोष्ट सांगते. तिचं नाव मुद्दामच लिहीत नाही, तू तिला कधीतरी भेटशील. आम्ही एकाच वर्षी शिरलो, दोघींनीही तेच कर्ज घेतलं. ती बायोलॉजीत होती, डॉक्टर व्हायचं म्हणून. पहिल्या दोन वर्षांत केमिस्ट्री आणि कॅल्क्युलसने तिला पार पिळून काढलं. साठ क्रेडिट्स झाली तेव्हा तिचा जीपीए २.६ होता. तिने हाय खाल्ली नाही, शाखा बदलली, उन्हाळ्यात शिकली, पुढची दोन वर्षं झपाटल्यासारखा अभ्यास केला, आणि माझ्याच बरोबर, त्याच मे महिन्यात, चार वर्षांत पदवी घेतली. तिचा शेवटचा जीपीए होता २.९४. सहा शतांश कमी. माफी नाही. सगळं कर्ज तिच्या डोक्यावर राहिलं, आणि ती ते पुढे कितीतरी वर्षं दर महिन्याला फेडत होती.

तू म्हणशील, तिचं नशीब. पण नीट बघ काय झालं ते. ते कर्ज दर वर्षी चालू राहायला २.५ जीपीए आणि घेतलेल्या क्रेडिट्सपैकी ७५ टक्के पास असणं पुरेसं होतं. माफीला मात्र ३.० लागायचा. म्हणजे २.६ असताना तिचं कर्ज दर वर्षी निमूटपणे मंजूर होत गेलं. ऑफिसातून कुणी बोलावलं नाही, कुणी पत्र पाठवलं नाही, उलट "मंजूर" अशीच ईमेल यायची. ती समजली, आपलं सगळं बरोबर चाललंय. साठ क्रेडिट्सनंतर २.६ असेल तर उरलेल्या साठमध्ये सरासरी ३.४ पडली की एकूण ३.० होतो, हे गणित दुसऱ्या वर्षाच्या शेवटी कुणी तिच्यासमोर मांडलं असतं, तर तिने ते करून दाखवलं असतं. काही न सांगता तिने जवळजवळ ३.३ केलाच होता.

म्हणून सई, पहिली गोष्ट ही. मदत चालू राहण्याची अट आणि मदतीचा पुरता फायदा मिळण्याची अट या दोन वेगळ्या असतात. चालू राहण्याची अट नेहमी सोपी असते, आणि तीच आपल्याला वारंवार सांगितली जाते. तुला मिळेल ती प्रत्येक स्कॉलरशिप, ग्रँट, कर्ज, त्याचा कागद हातात आला की दोन आकडे वेगवेगळे लिहून ठेव: कितीवर ती बंद होते, आणि आपल्याला खरं किती हवंय.

योजना का बंद पडली तेही सांगते, कारण मला त्याचं अजून वाईट वाटतं. पैसे सगळ्या मुलांच्या फीतून कापले जायचे, पण कर्ज घेणारी मुलं त्या मानाने थोडी. काही विद्यापीठांत फीतून जमा झालेले पैसे नुसतेच पडून राहिले. बरीच मुलं "कर्ज" म्हटल्यावरच लांब पळायची, आणि ते माफ होऊ शकतं हे त्यांना समजावून सांगायला कुणाला सवड नव्हती. २०१५ मध्ये विधिमंडळाने ठरवलं की नव्या मुलांना आता द्यायचं नाही. आधी ज्यांनी घेतलंय त्यांचं पुढे काही वर्षं चालू ठेवायचं, मग संपवायचं. मला विचारशील तर कल्पना चांगली होती, बक्षीस मात्र चुकीच्या जागी ठेवलं होतं. सगळं अगदी शेवटी, एका झटक्यात, मिळालं तर पूर्ण नाहीतर शून्य. ज्या मुलीला घरून पैसे येतात ती तिथवर आरामात पोचते. जी रात्री दुकानात काम करून सकाळी आठच्या लेक्चरला बसते तिचेच ते सहा शतांश हुकतात, आणि माफीची खरी गरज तिलाच असते.

नॉर्वेत याहून शहाणी पद्धत आहे. तिथल्या लोनेकासेन या सरकारी शैक्षणिक कर्जसंस्थेकडून घरापासून वेगळं राहणाऱ्या मुलांना आधी सगळे पैसे कर्ज म्हणूनच मिळतात. मग जसजशी परीक्षा पास होत जाल तसतसा त्यातला २५ टक्क्यांपर्यंतचा भाग अनुदानात बदलत जातो, आणि पदवी पुरी झाली की आणखी १५ टक्के. म्हणजे वाटेत प्रत्येक टप्प्यावर हातात काहीतरी पडतं. फिनलंडने ऑगस्ट २०१४ पासून शिकायला लागलेल्यांसाठी वेळेत पदवी घेतली तर कर्जाचा काही भाग सरकारने फेडायची सोय केली. नेदरलँड्सची मुदत तर चांगली ऐसपैस, दहा वर्षं; त्यात पदवी मिळाली की कर्जाऊ दिलेलं अनुदान खरोखरचं अनुदान होतं. टेक्सासने असं टप्प्याटप्प्याने केलं असतं तर माझ्या रूममेटच्या पदरात निदान थोडं तरी पडलं असतं.

असो. आता तुझ्याकडे येते.

काकांना वाटतं की तू नापास झाली नाहीस म्हणजे चार वर्षांत डिग्री ठरलेलीच. त्यांचं चूक नाही. ते पुण्यात इंजिनिअरिंग शिकले. तिथे वर्षाचे विषय ठरलेले, टाइमटेबल कॉलेजने लावलेलं, सगळी बॅच एकत्र पुढे जायची. भीती फक्त केटीची, म्हणजे विषय राहण्याची, आणि एटीकेटी मिळाली की पुढच्या वर्गात. इथे तसं नाही. इथे विषय तू निवडणार, किती घ्यायचे ते तू ठरवणार. एकही पेपर न गमावता, चांगले ग्रेड मिळवूनही, चार वर्षांनंतर मुलं पदवीपासून आठ-आठ विषय दूर असतात. मी अशी कितीतरी हुशार मुलं पाहिली. घरी आईबाबांना कळतच नाही की मुलगा नापास झालेला नाही तर मग डिग्री का नाही. त्या घरांमध्ये फार वाईट भांडणं होतात, आणि दोन्ही बाजू आपापल्या जागी खऱ्या असतात.

याचं मूळ एका आकड्यात आहे. बारा. सरकारी मदतीच्या हिशेबात सेमिस्टरला बारा क्रेडिट्स घेतली की तू "फुल-टाइम". ओरिएंटेशनला गेलीस की तिथलं प्रत्येक जण हा शब्द वापरेल. पण साध्या बॅचलर डिग्रीला १२० क्रेडिट्स लागतात. बारा गुणिले आठ सेमिस्टर किती? ९६. म्हणजे चार वर्षं प्रामाणिकपणे "फुल-टाइम" शिकलीस तरी २४ क्रेडिट्स कमी पडतात. ते म्हणजे आणखी एक अख्खं वर्ष. चार वर्षांत संपवायचं तर सेमिस्टरला पंधरा, वर्षाला तीस. हवाई विद्यापीठाने २०११ मध्ये "फिफ्टीन टू फिनिश" नावाची मोहीम काढली ती एवढंच सांगायला. राज्याकडून मिळणाऱ्या टेक्सास ग्रँटचंही तसंच: ती पुढच्या वर्षी चालू राहायला वर्षाला २४ क्रेडिट्स आणि २.५ जीपीए पुरतो. ग्रँट खूश, पण डिग्री मागे पडते. वर सांगितलेले दोन आकडे ते हेच.

ॲडव्हायजर तुला म्हणेल, "पहिलं सेमिस्टर आहे, बारानेच सुरुवात कर, सवय होऊ दे." माझंही मत आहे की पहिल्या फॉलमध्ये बारा घेण्यात काही वावगं नाही. घरापासून दूर, नवीन जागा, जेवणाचे हाल, सगळंच एकदम येतं. पण ती राहिलेली तीन क्रेडिट्स कुठे भरून काढायची ते त्याच दिवशी ठरव. टेक्सासमध्ये पदवीसाठी अमेरिकन इतिहासाची सहा आणि गव्हर्न्मेंटची सहा क्रेडिट्स सगळ्यांनाच सक्तीची आहेत. उन्हाळ्यात केटी गावातल्या घरी येशील तेव्हा कम्युनिटी कॉलेजमधून त्यातला एखादा विषय उरकून टाक. फी कितीतरी कमी, आणि कोअरची, म्हणजे सगळ्यांना लागणाऱ्या विषयांची, ४२ क्रेडिट्स इथल्या सरकारी कॉलेजांमध्ये एकीकडून दुसरीकडे चालतात. मात्र विषय घेण्याआधी तुझ्या विद्यापीठाच्या ॲडव्हायजरकडून ईमेलवर लेखी होकार घे. तोंडी "हो, चालेल" यावर कधी विसंबू नकोस. कोअरमधला विषय चालतो, पण मेजरमधला बाहेरून घेतलेला विषय चालेलच असं नाही.

आणखी एक गोष्ट डिग्री प्लॅनमध्ये शोध: कोणता विषय फक्त फॉलमध्येच असतो, आणि कशाच्या आधी काय लागतं. आमच्याकडे अकाउंटिंगमध्ये एकामागोमाग एक अशी विषयांची साखळी होती. तिचा एक दुवा निसटला की वर्ष गेलं, मग बाकीचे विषय कितीही झालेले असोत. तू कॉम्प्युटर सायन्सला जातेयस, तिथेही हेच आहे. आठही सेमिस्टर एका कागदावर मांड. हवं तर पेन्सिलीने. तो कागद वर्षातून दोनदा बदलेल, बदलू दे. पण कोरा नको.

आता पैशांचं, जे काकूसमोर बोलायचं टाळलं. तुम्हाला ग्रीन कार्ड मिळालंय, त्यामुळे तुला फेडरल कर्ज मिळेल. पण त्याला मर्यादा आहे. आईवडिलांवर अवलंबून असलेल्या मुलीला पहिल्या वर्षी ५,५०० डॉलर, दुसऱ्या वर्षी ६,५००, पुढे वर्षाला ७,५००, आणि पदवीपर्यंत सगळं मिळून ३१,०००. चारही वर्षं पूर्ण घेतलंस तर २७,००० होतात. मग पाचव्या वर्षासाठी राहिले ४,०००. फी मात्र चौथ्या वर्षाएवढीच, किंवा जास्त. पाचवं वर्ष लागलेली मुलं खासगी कर्जाकडे वळतात ती इथे. त्याचा व्याजदर वेगळा, आणि सही काकांना करावी लागते. काका या वयात तुझ्यासाठी डोळे मिटून सही करतील. म्हणूनच ती वेळ यायला नको.

तू कॅम्पसवर काम करणार म्हणतेस. जरूर कर, मीही केलं. पण एक विषय कमी घेऊन कामाचे तास वाढवायचा मोह होईल, तेव्हा हा हिशेब आठव. ताशी बारा डॉलर धर, आठवड्याला दहा तास जास्त, पंधरा आठवडे. सेमिस्टरचे १,८०० डॉलर. आठ सेमिस्टर असं केलंस तर १४,४००. आणि त्याची किंमत म्हणजे पाचव्या वर्षाची फी, भाडं, जेवण, आणि त्या वर्षी नोकरीत मिळाला असता तो संपूर्ण पगार. तुझ्या विद्यापीठाने वर्षाचा अंदाजे खर्च जाहीर केलेला असतो तो काढ आणि शेजारी ठेवून बघ. ज्या घरात दर महिन्याला पैसे पाठवावेच लागतात तिथल्या मुलींपुढे इलाज नसतो, त्यांना मी कधीच बोल लावणार नाही. तुझ्यापुढे इलाज आहे.

शाखा बदलावीशी वाटली तर? बदल. मनाविरुद्ध चार वर्षं रेटण्यापेक्षा दुसऱ्या वर्षी बदललेलं बरं. फक्त तिसऱ्या वर्षी बदलू नकोस, आणि बदलण्याआधी नव्या शाखेच्या प्लॅनमध्ये आधीची किती क्रेडिट्स बसतात ते मोजून घे. टेक्सासमध्ये डिग्रीला लागतात त्यापेक्षा तीसहून जास्त क्रेडिट्स झाली, तर विद्यापीठ त्यावरच्या विषयांना तुझ्याकडून चढ्या दराने फी घेऊ शकतं. दोन मेजर, तीन मायनर असं मनात असेल तर हे लक्षात ठेव. काकूला दोन मेजर ऐकायला छान वाटतं, मला माहीत आहे.

तुझी ती शेजारची मैत्रीण, जिचे बाबा अजून एच-वन-बीवर आहेत, तिला हे सगळं वेगळ्या कारणासाठी सांग. ती एच-फोरवर, म्हणजे बाबांवर अवलंबून असलेल्यांच्या व्हिसावर आहे. २१ वर्षांची झाली की तो व्हिसा संपतो, आणि अठराव्या वर्षी कॉलेजला गेलेली मुलगी एकविसाव्या वर्षी पदवीच्या अलीकडेच असते. ग्रीन कार्डच्या रांगेत किती वर्षं लागतील ते तिच्या हातात नाही. तिने एपी आणि ड्युअल क्रेडिटमधून कॉलेजची क्रेडिट्स हायस्कूलमध्येच जमवली, तर निदान पदवी लवकर हातात येते. फेडरल मदत तिला मिळणार नाही. राज्याच्या मदतीसाठी टास्फा नावाचा वेगळा अर्ज असतो, तो तिला चालेल का हे तिच्या काउन्सेलरला विचारायला सांग. व्हिसाबद्दल मात्र वकिलालाच विचारायचं, व्हॉट्सॲप ग्रुपवर नाही. सत्यनारायणाच्या पूजेला जमलेल्या काकांपैकी प्रत्येकाचा एकेक सल्ला असतो, आणि प्रत्येकाची केस वेगळी असते.

काका, तुम्ही इथवर वाचत असाल तर तुमच्यासाठी: सईला "पास झालीस का" असं विचारू नका. "तुझ्या डिग्रीची किती क्रेडिट्स झाली, किती राहिली" असं विचारा, वर्षातून दोनदा. आणि आकडा मागे असेल तर आधी कारण ऐकून घ्या.

सई, कारण खरंच असू शकतं. चार वर्षांत संपवलंच पाहिजे म्हणून तब्येत पणाला लावायची नाही. माझ्या वर्गात एक मुलगी वडील गेल्यावर दोन आठवड्यांत परत येऊन अठरा क्रेडिट्स ओढत बसली होती, कारण तिलाही ती माफी हवी होती. तिला कुणीतरी थांबवायला हवं होतं. इथे सरकारी विद्यापीठांत अख्ख्या पदवीत सहाच विषय ड्रॉप करता येतात, हा नियम २००७ पासून आहे, म्हणून मुलं घाबरून नको तिथे तग धरून बसतात. पण स्वतःचं गंभीर आजारपण, घरातला मृत्यू, घरच्या आजारी माणसाची जबाबदारी अशा कारणाने सोडलेला विषय त्या सहात धरत नाहीत. त्यासाठी कागद लागतो. डॉक्टरांची चिठ्ठी, जे काही असेल ते, त्याच आठवड्यात घ्यायचं आणि रजिस्ट्रारकडे द्यायचं. सेमिस्टर संपल्यावर मागे जाऊन ते पटवून देणं फार अवघड होतं. असं काही झालं तर काकूला सांगायच्या आधी मला फोन कर. घरी कसं सांगायचं ते आपण दोघी मिळून ठरवू.